गाऱ्हाण्याचा होकार

देवावरचा माझा विश्वास उडाला होता असं मी म्हणणार नाही. उडायला तो आधी नीट बसलेला तरी हवा. आमचं नातं अबोल्याचं होतं. दिवा लावत होते, उदबत्ती फिरवत होते, पण मान वर करून त्याच्याकडे बघत नव्हते. माझी मुलगी मनू तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला स्वमग्नता आहे. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा किती गोड वाटला होता, स्वतःत मग्न असलेलं मूल! तिच्यासोबत बंद घरात दिवस काढायला लागल्यावर कळलं, तिच्या त्या मग्नतेत आईला जागा असेलच असं नाही.

मनू बोलत नाही असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. मनू बोलते. आपण जे बोलतो त्याचं शेपूट धरून तेच परत करते. "मनू, पाणी हवंय?" विचारलं की ती म्हणते, "पाणी हवंय?" त्याच सुरात, माझ्याच लकबीत. "भूक लागली?" तर "भूक लागली?" थेरपीच्या ताई म्हणतात, हा प्रतिध्वनी असतो, धीर धरा. मी धीर धरला. पण ज्यांनी दिवसभर आपलेच प्रश्न आपल्याच आवाजात परत ऐकले नाहीत, त्यांना हा एकटेपणा सांगून समजायचा नाही. माझे यजमान मस्कतला नोकरीला, वर्षातून एकदा येतात. नाहूरच्या आमच्या उंच इमारतीत मी, मनू आणि माझा आवाज. मला मोठं काही नको होतं. तिने शाळेत पहिली यावं, गाणं म्हणावं, असलं काही नाही. तिने एकदा, फक्त एकदा, मला उत्तर द्यावं. एवढंच एक मागणं मी वर्षानुवर्षं उराशी धरून होते.

आमचा गणपती घाटकोपरला, थोरल्या दिरांकडे. आम्ही मालवणकडचे. आमच्यात आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातला वडीलधारा देवासमोर हात जोडून उभा राहतो, मोठ्या आवाजात सगळ्या घराचं मागणं मांडतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. होकार देणारं कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं पुरं होत नाही. दरवर्षी भाऊजी त्यात मनूसाठी एक वाक्य घालायचे, "ह्या चेडवाक वाचा दी रे म्हाराजा." त्यांच्या मनात मायाच होती, मी नाही म्हणत नाही. पण त्या वाक्याला खोलीभर माना वळायच्या. आम्ही गेलो त्या शेवटच्या वर्षी झांजांनी मनू आधीच कावरीबावरी झाली होती. त्यात पन्नास गळ्यांचं "व्हय म्हाराजा" अंगावर आलं आणि ती किंचाळत सुटली. मी तिला घेऊन न्हाणीघरात शिरले, कडी लावली, तिचे कान माझ्या दोन्ही हातांनी दाबून बसले. बाहेर तिच्या वाचेसाठी गाऱ्हाणं चालू होतं आणि जिच्यासाठी होतं ती आत बादलीला चिकटून थरथरत होती.

त्यानंतर जाऊबाईंचा फोन यायचा तो असा, "तुम्ही गर्दी ओसरल्यावर सावकाश या हां, तिलाच त्रास होतो ना." गर्दी ओसरल्यावर म्हणजे विसर्जनानंतर, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. मग एकदा त्याच म्हणाल्या, तू वेगळाच आण ना तुझ्याकडे, तिच्या सोयीने. मला राग आला आणि त्या रागातच मी मूर्ती सांगून आले. म्हटलं, आणते. आमच्या पंगतीला बसायला कुणी नाही, तर देवालाच बोलावते. बघू तो तरी गर्दी ओसरायची वाट बघतो का.

चतुर्थीला आमची इमारत ओस पडते. निम्मे बिऱ्हाडकरू कोकणात गावी गेलेले, मजल्यावर एका दाराला तेवढं तोरण, ते आमचं. मनू कानांवर तिचे जाड, मोठे आवाज बोथट करणारे हेडफोन चढवून कपड्यांचे चिमटे रंगवार लावत बसली होती. भटजी सकाळी येऊन घाईघाईत पूजा आटोपून गेले होते. दुपारी मी मोदक केले, झांजांशिवाय, टाळ्यांशिवाय, पुटपुटल्यासारखी आरती म्हटली आणि मग त्या शांततेत मला रडू कोसळलं. गणपतीच्या दिवशी घरात इतकी शांतता असू नये हो. त्याच्याकडे बघून मी म्हटलं, तुला आणलं खरं, पण चुकलंच माझं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक म्हातारे गृहस्थ. पांढरा लेंगा, टोपी, हातात पिशवी, पिशवीतून दुर्वांची जुडी डोकावत होती. आमच्या सोसायटीच्या दोन्ही विंग एकसारख्या आणि घरांचे नंबरही तेच. त्यांना पुतण्याकडे जायचं होतं, ते घर दुसऱ्या विंगेत. मी तसं सांगितलं. "चुकान इलंय म्हणायचा," ते हसून म्हणाले. पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली होती. गणपती दिसल्यावर पाया न पडता कसं फिरायचं, म्हणून त्यांनी चपला काढल्या.

पाया पडून झाल्यावर त्यांनी विचारलं, गाऱ्हाणं झालं का. मी म्हटलं, घालणार कोण? यजमान परदेशात, आम्ही दोघीच आहोत. मग मी घालतो, ते म्हणाले, आणि देवासमोर उभे राहिले. मग वळून त्यांनी मनूकडे पाहिलं. मला पुढचं ठाऊक होतं. त्यांनी काही विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, की तिला कळत नाही, ती फक्त आपण बोललेलं परत म्हणते.

"मगे अजून काय होया?" आजोबा म्हणाले. "गाऱ्हाण्यात तेवढाच तर करूचा असता."

ते इतक्या साधेपणाने म्हणाले, की मीही हात जोडून त्यांच्या मागे उभी राहिले. गाऱ्हाणं ही खरं तर आवाज चढवून घालायची गोष्ट. पण त्यांनी मनूचे हेडफोन पाहिले होते. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तशा खालच्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "बा देवा गणपती म्हाराजा, आज ही आवस आणि तिचा चेडू, दोघांनीच तुझी सेवा केल्यानी हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा." मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." आणि चिमट्यांवरची नजर न काढता मनू म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आजोबा थांबले नाहीत, वळले नाहीत, वा वा म्हणाले नाहीत. दोन माणसं होकार द्यायला आहेत म्हटल्यावर गाऱ्हाणं जसं पुढे जायला हवं तसं ते गेलं. चुकलंमाकलं पदरात घे. परमुलखात आहे त्याला सांभाळ. प्रत्येक वेळी आधी मी, मागोमाग ती. आयुष्यात पहिल्यांदा तिचं परत म्हणणं जागच्या जागी बसत होतं. तिच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं, कारण बघण्यासारखं काही वेगळं घडतच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ह्या घरात ही दोघा एकामेकाक आसत, ती तशीच एकामेकाक ऱ्हवांदेत रे म्हाराजा." माझा होकार कसाबसा निघाला. मनूचा स्वच्छ निघाला.

त्यांच्या पुतण्याचा फोन वाजायला लागला. मी मोदक हातावर ठेवले, ते लिफ्टकडे गेले. आणि मला, खरं सांगते, रागच आला. एवढं सगळं मागितलं आणि मुख्य तेच विसरले! मी तशीच मागे धावले. म्हटलं, "आजोबा, तिच्या बोलण्याचं मागायचं राहिलं."

लिफ्टमध्ये पाय ठेवत ते म्हणाले, "तेका ठावक नाय काय?" दार बंद झालं.

ते वर्ष त्या एका प्रश्नावर गेलं. कधी त्याने धीर दिला, कधी मी त्यावर चिडले. ठाऊक आहे तर मग देत का नाही, हे भांडण अजून मिटलेलं नाही. पुढच्या चतुर्थीला मी दुसऱ्या विंगेत चौकशी केली, आजोबांना बोलवावं म्हणून. गुडघ्यांमुळे ते आता गावीच असतात, असं कळलं. जाऊबाईंचा फोन आला, तब्येतीची विचारपूस झाली, येण्याचा विषय दोघींनीही काढला नाही. मजला तसाच ओस होता.

मग मीच उभी राहिले. आमच्यात बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझी मालवणी मुंबईत वाढलेली, धड इकडची ना तिकडची. तरी हात जोडले आणि हळू आवाजात, मध्ये न थांबता, आठवेल तसं म्हणत गेले. मनूच्या वाचेपाशी आले आणि थांबले. वर्षानुवर्षं घोकलेलं मागणं अगदी ओठांवर होतं. ते मी गिळलं असं नाही, ते आपोआपच सैल झालं. तोंडून निघालं, "तुका ठावक आसा रे म्हाराजा."

आणि मग लक्षात आलं, होकार द्यायला कुणीच नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच व्हय म्हणायचं नसतं. मी हात जोडून तशीच उभी. पंखा फिरत होता. आता हे अर्धंच राहणार, असं मनात आलं.

"व्हय म्हाराजा," मागून मनू म्हणाली.

माझ्या आधी. मी म्हटलेलंच नव्हतं, तर परत कुठून करणार? थेरपीच्या ताईंना सांगितलं तेव्हा त्या आनंदल्या आणि म्हणाल्या, मुलं ऐकलेलं वाक्य कधी कधी खूप काळ साठवून ठेवतात, प्रसंग आला की काढतात. असेल. मी वाद घातला नाही. देवाने कुठल्या वाटेने यायचं ते ठरवणारी मी कोण? तो तर एकदा विंग चुकूनही आला होता.

मनू आजही तशीच बोलते. परवा दुपारी चिमटे लावून दमली होती. मी विचारलं, "मनू, पाणी हवंय?" ती म्हणाली, "पाणी हवंय?" मी पेला पुढे केला आणि ती घटाघटा प्यायली. बघता बघता माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी हा प्रश्न विचारत होते, ती तो परत करत होती, आणि दर वेळी पाणी पीत होती. व्हय म्हणायची तिची हीच रीत होती. मी उत्तराची वाट बघत बसले होते आणि ती कधीपासून मला उत्तर देत होती.