गवाहभाऊंची साक्ष

'आठवत नाही' हे शब्द गवाहभाऊंच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. काहीही विचारा, उत्तर तयार. सावली गावाकडच्या एका तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, कोणत्या पावसाळ्यात फुटली, कोणत्या घराचं जाळं कोणत्या घाटावर पडायचं, कोणाच्या आज्यानं आपली जागा कोणाला दिली, सगळं त्यांच्या डोक्यात. तलावावर भांडण झालं की लोक कागद शोधत नसत, भाऊंना बोलावत. ते म्हणतील ते खरं. म्हणून गावानं त्यांना गवाहभाऊ हे नाव दिलं, आणि माझं वाटोळं याच नावानं केलं.

माझा धंदाही त्यांच्याच साक्षीनं सुरू झाला. सायकलला बर्फाची पेटी बांधून मी तलावावरून सावलीपर्यंत यायचो, तिथून पेटी एसटीच्या टपावर चढवायचो आणि वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरांत दारोदार मासळी विकायचो. मी परगावचा. तलावाची मच्छीमार संस्था मला माल द्यायला तयार नव्हती. भाऊंनी विडी विझवली आणि म्हणाले, "मी पाह्यलं हाय याले. भावासाठी कुत्र्यावानी भांडते, पण काटा मारत नाई. याले द्या." मासळी मिळाली. पुढे टेम्पो आला, तो त्या एका वाक्यावर.

भांडायचो मी त्यांच्याशीही. माझा आवाज चढला की पलीकडच्या घाटावरच्या बायका धुणं थांबवून बघायच्या. भाऊ शांत. "तुया आवाज चढला म्हंजे भाव उतरला नाई, पोरा," म्हणायचे आणि मलाच विडी द्यायचे.

पहाटे छातीभर पाण्यात उतरायचं, तर थंडी मारायला मोहाची दारू घ्यायची, एवढीच आधी त्यांची सवय होती. "पाण्यात उतरणाऱ्याले आतून बी ओलं लागते," असं हसून सांगायचे. मग दुपारीही थंडी वाजायला लागली. जिल्ह्यात दारूबंदी आली, बंदी उठली, भाऊंच्या बाटलीला फरक पडला नाही. त्यांची बायको, जिला सगळे बाई म्हणत, ती मला एकदा म्हणाली, "ताटावर बसतेत अन् दोन शितं चिवडून उठतेत. पोट बाटलीनंच भरून राह्यलं त्यायचं." ते चालायचेही पाय फाकवून, पाण्यावर डुलणाऱ्या डोंग्यात उभं राहिल्यासारखे. गावाला त्याचं हसू यायचं. सकाळी भेटलेल्या माणसाला ते संध्याकाळी "लई दिवसांनी आला" म्हणायचे. पण जुनं सगळं धड सांगत होते, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी भावावरून आमची जुंपली. मी ओरडलो, ते नेहमीसारखं हसले. नंतर दोघं पाळीवर विडी ओढत बसलो. ते उठायला गेले, पायात पाय अडकला आणि जागच्या जागी, सपाट जमिनीवर बसले. पोरं खेळताना दिवसात दहादा पडतात तसे. पण उठता येईना. मी त्यांना उचललं, टेम्पोत निजवलं आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

डॉक्टरीणबाई हाडाचा फोटो उजेडाला धरून म्हणाल्या, "एवढ्याशा पडण्यानं हे मोडायला नको होतं. पण वर्षानुवर्षं दारू, आणि वर जेवण नाही. हाड आतून पोखरलंय."

ऑपरेशननंतर भाऊ नीट शुद्धीवर आल्यावर संस्थेचे अध्यक्ष भेटायला आले. विचारलं, "भाऊ, पडले कसे?" भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. राग नाही, तक्रार नाही, पाळ कधी फुटली ते सांगावं तसं सांगितलं, "यानं ढकललं ना मले."

मी ओरडलो. ओरडलो हेच चुकलं. वॉर्डातल्या सगळ्यांना माझा स्वभाव समजला.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन समजावलं. "ते खोटं बोलत नाहीत. दारूनं मेंदूत आठवणी साठवायची जागा निकामी झाली आहे. नवं टिकत नाही. मग रिकामी जागा दिसली की मेंदू काहीतरी रचून भरतो, आणि त्यांना ते खरंच वाटतं." हेच मी संस्थेच्या बैठकीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टरीण काल आली. गवाहभाऊ आमच्या आज्याच्या हद्दी सांगतेत. ते खोटे, तर आमच्या साऱ्या हद्दी खोट्या का?" माझा माल बंद झाला. पाय फाकवून चालणाऱ्या म्हाताऱ्याला हसणारे हेच लोक, पण साक्ष मात्र त्याची पक्की!

पावसाळा संपल्यावर मी अध्यक्षांना जवळजवळ ओढत भाऊंच्या घरी नेलं. टेम्पो दारातच लावला. एकदा, फक्त एकदा यांच्या तोंडून खरं निघावं, एवढंच मला हवं होतं. भाऊ खाटेवर होते. बाई त्यांना भात भरवत होती. दारू सुटली होती, अंगावर थोडं मांस आलं होतं. मला वाटलं, आता जमेल.

"भाऊ," मी आवाज खाली ठेवून विचारलं, "मी तुम्हाले ढकललं का?"

त्यांनी मला निरखून पाहिलं. चेहरा उजळला. "तू काऊन ढकलशीन बे? तू सायकलवाला." मग अध्यक्षांकडे वळले, "हा भावासाठी भांडते, पण काटा मारत नाई. याले मासोळी देत जा."

अध्यक्ष माझ्याकडे बघू लागले.

तेवढ्यात भाऊंनी दारातून बाहेर पाहिलं आणि माझं मनगट धरलं. "तो टेम्पोवाला आला दिसते. त्यानंच ढकललं मले. तू त्याच्या नादी लागू नको, पोरा."

"अहो भाऊ, हाच तो टेम्पोवाला!" अध्यक्ष म्हणाले.

"हट! मले सांगून राह्यला?" भाऊ हसले. "मी गवाह हाओ."

त्या तलावाची मासळी मला अजून मिळत नाही. बाहेर पडल्यावर अध्यक्ष एवढंच म्हणाले, "साक्ष तर दोन्हीकडून झाली." आणि निघून गेले. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

भाऊ त्यानंतर हिवाळाभर होते. मी जात राहिलो. टेम्पो वळणावर, त्यांच्या दारातून दिसणार नाही असा लावायचो आणि चालत जायचो. पाहताच ते विचारायचे, "सायकल सावलीत लावली ना? बरफ गळन." मी म्हणायचो, लावली भाऊ.