मास्तरीणबाईंची सही

शाळेशी तिचं सातवीतच फाटलं होतं, तरी कारखान्यात सगळे तिला मास्तरीण म्हणत. कटिंग करणारा पुरुष तो कटिंग मास्तर, मग कटिंग करणारी बाई कोण? कुणीतरी एकदा चेष्टेने हाक मारली, तिने मान वळवून “काय आहे?” विचारलं, आणि नाव कायमचं चिकटलं. आता ती बावन्न वर्षांची होती. कामगारांचे जाड निळे कोट शिवणारा तो कारखाना. मधोमध लांबलचक टेबल, टेबलावर थरावर थर अंथरलेलं कापड, आणि त्यातून उभ्या पात्याचं मशीन फिरवणारी ही. डाव्या हातात पोलादी जाळीचा मोजा. तो न घालता टेबलाला कुणी नुसतं बोट लावलं तरी ती अशी खेकसे की मालकसुद्धा दोन पावलं मागे सरकत.

ती शिकली ती फुकट. पंधराव्या वर्षी कामाला आली आणि दोन वर्षं तिला एक दमडी मिळाली नाही. झाडू मारायचा, गठ्ठे उचलायचे, मास्तरचा डबा गरम करायचा, आणि उरल्या वेळात चोरून बघायचं. “शिकतेस ना? मग वर पैसे कशाचे?” असं सुनावणाऱ्यांत तिची सख्खी आईही होती. हा राग तिने सदतीस वर्षं जपून ठेवला होता. तशी ती झालं गेलं विसरणाऱ्यांतली नव्हतीच.

म्हणून शाळेची नवी योजना आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. अकरावीतल्या मुलांनी चार दिवस शाळेत जायचं, दोन दिवस कारखान्यात हातात काम घेऊन शिकायचं, आणि त्या दोन दिवसांचा पगार घ्यायचा. जुन्या कारागिरांनी नाकं मुरडली. “शिकायचे पैसे? आम्हाला कुणी दिले होते?”

“नाही ना दिले? तुमची कंबर मोडली म्हणून पोरांचीही मोडायची का?” मास्तरीणबाईंनी एका वाक्यात सगळ्यांची बोलती बंद केली.

त्यांच्या कारखान्याच्या वाट्याला एक मुलगी आली. एका जागी बूड टेकायचं नाही, प्रश्नांवर प्रश्न, पाय सारखे हलते. दुसऱ्याच दिवशी तिचं नाव चुळबुळ पडलं. आईवडील नव्हते, दादा-वहिनीकडे राहायची. पगारातला अर्धा भाग वहिनीच्या हातावर ठेवायला लागल्यापासून घरात तिला ताटावर बसताना अवघडल्यासारखं होत नव्हतं. उरलेला अर्धा ती पुढच्या शिक्षणासाठी साठवत होती.

कारखाना चालवत होता मालकांचा भाचा. वय सव्वीस, इस्त्री कडक, अंगात साहेबी. म्हणून भाचेसाहेब. त्यांनी चुळबुळीला पहिल्या दिवशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, हातात छोटी कात्री दिली, आणि तयार कोटांचे लोंबणारे धागे कापायला सांगितलं. “आठवडाभर हे, मग टेबल,” असं म्हणाले. तो आठवडा सात महिने चालला. दर महिन्याला शिकाऊ मुलांच्या वहीत कामाची नोंद व्हायची आणि खाली शिकवणाऱ्याची सही लागायची. भाचेसाहेब ती वही गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्यांसोबत आणत, आणि मास्तरीणबाई वीस सह्यांबरोबर एकविसावी ठोकून देत.

तशा सहा सह्या झाल्या. सातव्या वेळी तिच्या नाकावर चष्मा होता. तिने वाचलं: कापड अंथरणे, पूर्ण. साचा आखणे, पूर्ण. मशीनवर कटिंग, प्रगती उत्तम.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “ह्या पोरीने मशीनला हात कधी लावला?”

“बाई, तो रकाना भरावाच लागतो,” भाचेसाहेब हसत म्हणाले. “सहाशे कोटांची ऑर्डर आहे. धागे कोण कापणार?”

“कापा की तुम्ही. मी खोट्यावर सही करत नाही.”

“सहा वेळा केलीत.”

हे मात्र वर्मी लागलं. तिने वही मिटली, स्वतःच्या खणात टाकली आणि कुलूप लावलं. डोळे झाकून सही करणारी बाई म्हणून तिला स्वतःचीच चीड येत होती, आणि ती चीड काढायला समोर निळ्या कापडाशिवाय कुणी नव्हतं.

पण खरी अडचण निघाली ती वेगळ्याच बाजूने. मधल्या सुट्टीत जिन्यावर चुळबुळ तिच्याशेजारी येऊन बसली. आज पाय हलत नव्हते.

“मावशी, करा ना सही. उद्या शाळेच्या मॅडम तपासायला येणार आहेत. सही नसली तर वर्ष वाया आणि पगार बंद. दादा म्हणालाय, पगार नसेल तर शाळा पण बास झाली.”

“आणि उद्या दुसऱ्या कारखान्यात वही दाखवशील, ते मशीन हातात देतील, आणि बोटं तोडून घेशील. तेव्हा माझी सही चाटायचीय का?”

“मग शिकवायचं होतं ना!” पोरगी ताडकन उठली. “सात महिने तुमच्या डोळ्यांसमोर बसलेय त्या स्टुलावर. तुम्हाला दिसत नव्हते मी? सही करताना नाही दिसलं, ते नाही म्हणताना बरं दिसलं! तुमचं खरेपण होतंय, पण वर्ष माझं जातंय.”

मास्तरीण झाल्यापासून तिला इतकं तोंडावर फार कमी लोकांनी सुनावलं होतं. त्यात ही सतरा वर्षांची पोर. पोरगी बोलली ते खरं होतं. स्टूल रोज दिसत होतं. ऑर्डरच्या गडबडीत तिनेही सोयीस्कर कानाडोळा केला होता. ज्या मास्तरला सदतीस वर्षं शिव्या घातल्या, त्याने तरी निदान वहीत काही खोटं लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुळबुळ आली तर तिचं स्टूल जिन्याखाली टाकलेलं. मास्तरीणबाई टेबलाशी उभी. तिने पोलादी मोजा पोरीपुढे धरला.

“घाल. बाह्या कापायच्यात. ऐंशी थर अंथर, कड कडेला लाव, सुरकुती दिसली तर हात तोडीन.”

चुळबुळीने तागा ओढायला घेतला आणि भाचेसाहेब धावत आले. ऑर्डर सोमवारी जायची आहे, कापड खराब झालं तर कोण जबाबदार, हा कारखाना आहे की बालवाडी, सगळं एका दमात बोलून झालं. मास्तरीणबाई दारातच त्यांना आडवी झाली. जबाबदार मी, म्हणाली. मला काढायचं असेल तर काढा, पण सहाशे कोटांचं कटिंग मग तुमच्या मामांना करायला लावा. जवळजवळ अर्धा तास ती अशी दाराशी भांडत होती, आणि मागे पोरगी एकटी थर अंथरत होती.

भांडण संपवून बाई वळली तेव्हा ढीग तयार होता. चार बोटं जाडीचा, कडा सरळ. पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने आखणीही झाली होती. मशीन सुरू झालं. नेमक्या त्याच वेळी शाळेच्या मॅडम आत आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. मास्तरीणबाईंचं त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही. कापडाकडेही गेलं नाही. तिचे डोळे पोरीच्या बोटांवरून हलत नव्हते. पातं वळणावर जरा रेंगाळलं, पुन्हा धीर करून पुढे गेलं, आणि थांबलं. दहाच्या दहा बोटं जागेवर होती.

भाचेसाहेबांनी वरच्या दोन बाह्या उचलल्या. मग मधल्या दोन. मग तळाच्या. आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा! डावी. ही पण डावी. सगळ्या डाव्या!”

जाड्या कापडाला सुलटी बाजू असते आणि उलटी असते. एक थर सुलटा, त्यावर एक उलटा, असं अंथरलं तर बाह्यांच्या जोड्या निघतात. पोरीने सगळे थर सुलटे अंथरले होते. हे तिला सांगायला हवं होतं, आणि सांगणारी दाराशी भांडत होती.

“मॅडम, बघा,” भाचेसाहेब म्हणाले. “ह्यांना पगार देऊन आम्ही हे शिकवतो. आता करा म्हणावं सही. प्रगती उत्तम!”

“करते ना,” मास्तरीणबाई म्हणाली.

तिने खण उघडून वही काढली. आधीच्या सहाही महिन्यांवर तिने रेघ ओढली आणि प्रत्येक रेघेखाली लिहिलं, ‘धागे कापले’. सातव्या रकान्यात तिचं अक्षर वाकडंतिकडं पण मोठं उमटलं: ‘बाह्या, ऐंशी. सगळ्या डाव्या. हिने स्वतः कापल्या. मी नीट सांगितलं नाही.’ खाली सही केली, चष्मा पुसला आणि वही मॅडमच्या हातात दिली.

“ही नोंद खरी आहे. वरच्या सहा सह्या माझ्या आहेत, त्याची काय शिक्षा असेल ती मला द्या. पोरीला नको.”

मॅडमनी दोनदा वाचलं. मग भाचेसाहेबांकडे बघून म्हणाल्या, “उरलेले पाच महिने ही दोन्ही दिवस टेबलावर असेल तर वर्ष धरता येईल, पगारही चालू राहील. नसेल तर मुलगी मी आत्ता घेऊन जाते, आणि का नेली ते लेखी कळवते. बोला.”

भाचेसाहेबांनी डाव्या बाह्यांचा ढीग टेबलावर आपटला. “आणि ह्यांचं काय करू? पुरचुंडी बांधून डोक्यावर घेऊ? मामांना मी काय तोंड दाखवू?”

इतका वेळ चुळबुळ खाली मान घालून उभी होती. कान लाल झाले होते, पण डोळे कोरडे होते. मोजा तिने काढला नव्हता.

“कोट सहाशे आहेत ना?” ती म्हणाली. “मग ऐंशी डाव्या लागणारच आहेत. आता ह्याच ताग्यातून ऐंशी उजव्या कापते.” तिने पुठ्ठ्याचा साचा उचलला, उलटा केला, आणि अजून टेबलाला टेकूनच उभ्या असलेल्या भाचेसाहेबांकडे पाहिलं.

“सरका जरा. मला कापड अंथरायचंय.”