मागच्या दाराची राखण

हे सांगण्यासाठी मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं. एकदा आईकडे, एकदा मामांकडे. आईनं तांब्या भरून दिला. मामा तर स्वतः उठले, माठातलं गार पाणी घेऊन आले. मी ते प्यालो आणि गप्प बसलो. म्हणून आज तुम्ही माझ्यासमोर नाही, तुमचा चेहरा मला दिसत नाही, हे एका परीनं बरंच आहे. कागद काही पाणी आणून देत नाही.

कुठून सुरू करू? आमच्यापासूनच करतो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबा कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून ठेवत, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. वडील रेल्वेत फिटर झाले, गुलबर्ग्याला आले आणि इथलेच झाले. आमच्या लोकांची घरं इथं मोजकीच — सगळी मिळून एका पंगतीत मावतील. प्रार्थनेला वेगळी इमारत नाही. स्टेशनमागच्या बेन्यामीन मामांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या कपाटात तोरा, आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवलेली आहे. ती खोलीच आमची मशीद. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणतो.

मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ, दवाखान्यात कंपौंडर. त्यांचा एक हट्ट होता. सण आपल्या घरात सुरू झाला तरी तिथंच संपू नये. देवाचे आभार मानायला मलिद्याचं ताट झालं की पोहे-खोबऱ्याचा एक वाटा ओढ्यापलीकडे जाई. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, आम्ही पोरं तिथल्या झोपड्या शाकारायला जात असू. ओढ्यापलीकडे फरशीच्या खाणीवर दगड फोडणाऱ्यांची वस्ती होती. पटकीची साथ आली की मामा रोज तिकडे जात, कधी पार कडगंचीपर्यंतच्या विहिरींत लाल औषध टाकून येत. त्यांची पिशवी मी धरत असे. घरातून कॉलेजात जाणारा पहिला मुलगा मीच होणार होतो, त्यामुळे पिशवी धरण्याचा मान आपोआप माझ्याकडे आला होता. निदान मला तो मानच वाटे.

वस्तीत आमचा सगळा आधार गंगव्वा अक्का. पाणी उकळून प्या हे आम्ही सांगून लोक ऐकत नसत, ती शिव्या घालून ऐकायला लावी. तिची लेक तायव्वा खजुरीला दिलेली होती, त्या वर्षी माहेरी आली होती. मला ती नावानं कधी हाक मारत नसे.

"मास्तर, शनवारी तुमी काम करत न्हाईत म्हणं?"

"नाही करत."

"मग आईतवारी तरी कामून करत न्हाईस? बसून तर राहिलायस!"

सगळी वस्ती हसे. मीही हसे. तुम्हाला हे का सांगतोय? — तायव्वा मला पुरती ओळखीची होती, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून.

आता त्या सणाबद्दल. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा उपास म्हणजे दारफाळणीचा सण. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं आणि दिवसभर प्रार्थना करायची. बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही, कुणासाठी दार उघडायचं नाही. संध्याकाळी शिंग फुंकलं की दार उघडतं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी एकमेकांकडे जायचं आणि गरिबांना वाढायचं. तायव्वा म्हणायची, "शिळा म्हणताव आन् ताजी पुरी देताव, कसला हो तुमचा सण!"

त्या वर्षी दारफाळणी आली तेव्हा वस्तीत पटकी होती. आदल्या शनिवारी प्रार्थना झाल्यावर मामांनी विषय काढला. त्या दिवशी कुणी औषधाला आलं तर?

दाऊदकाका आमच्यातले वडीलधारे. ते म्हणाले, "बेन्यामीन, वर्षातनं एक दिवस दार लावायचं. त्यालाबी भोक पाडायलास व्हय?"

"भोक न्हाई काका, दारच उघडायचं. माणसाचा जीव जायला लागला तर दार उघडा, हे मी न्हाई सांगायलो. आपला धर्मच सांगायलाय."

"आन् प्रार्थना कोण करंल?"

"तुमी करा की! मी जाऊन येतो. तेवढं माझ्या वाटचं म्हणून घ्या."

सगळे हसले आणि ठरलं. मागच्या दाराशी पाळीपाळीनं एकेकानं बसायचं. कुणी ठोठावलं तर मामांना बोलवायचं. मामा लगेच वस्तीत गेले आणि सांगून आले — सणादिवशीही मागच्या दारी या, दार उघडेल. दुपारची पाळी मी मागून घेतली. मागून घेतली, हे लक्षात ठेवा.

सणाच्या आदल्या दिवशी आम्ही वस्तीत होतो. एक दगडफोड्या खाटेवर होता. चांगला धिप्पाड गडी, एका रात्रीत सुकून गेला होता, डोळे खोल, बोटांची कातडी भिजल्यासारखी सुरकुतलेली. मामांनी मला भांडं धरायला सांगितलं. माझ्या हातांवर उडालं. मी ओढ्यावर जाऊन लाल औषधाच्या पाण्यात हात इतके बुडवले, इतके चोळले की नखं तपकिरी झाली. आम्ही निघायच्या आत तो माणूस गेला. परतताना मामा म्हणाले, "घाबरलास व्हय रे?" मी म्हटलं, "छे."

आणि मग दारफाळणीची ती दुपार.

पुढच्या खोलीत प्रार्थना चालू होती. आमची त्या दिवसाची पापाची कबुली सगळे मिळून म्हणतात. आम्ही चुकलो, आम्ही खोटं बोललो, असं म्हणत छातीवर मूठ मारायची. कुणी एकट्यानं काही कबूल करायचं नसतं. मागच्या खोलीत बसून मीही ते म्हणत होतो. घसा कोरडा पडला होता. पांढऱ्या सदऱ्यावर ती तपकिरी नखं दिसत होती.

दार वाजलं.

"कंपौंडर अण्णा… दार काढा की. म्या गंगव्वा. तायव्वाला लागलंय. सकाळधरनं थांबंना झालंय."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. हे सगळं मी केलं — माझे पाय गळाले नाहीत, मला भोवळ आली नाही. मला स्वच्छ कळत होतं. मामांना हाक मारायची, एवढंच माझं काम. पण हाक मारली की मामा उठणार, आणि उठताना म्हणणार — पिशवी घे. ती खाट, ते भांडं, ती बोटं. मला तिथं जायचं नव्हतं. दारफाळणीचं पावित्र्य माझ्या मनातही नव्हतं. मला फक्त जायचं नव्हतं.

आमच्या दाराच्या चौकटीवर देवाच्या वचनाची छोटी नळी ठोकलेली असते, तिला आम्ही मेझुझा म्हणतो. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची. माझा हात कडीकडे न जाता तिच्यावर गेला. मी तो तिथंच धरून ठेवला. पाहणाऱ्याला वाटलं असतं, मुलगा किती भाविक!

तिनं पुन्हा ठोठावलं, हलकेच. मग आतली प्रार्थना तिला ऐकू आली असावी. "चाललंय की अजून त्यांचं," असं ती स्वतःशीच म्हणाली. पायरीवर टेकल्याचा, बांगड्यांचा आवाज आला. आमच्या दोघांत एक फळी होती. मी श्वास रोखून उभा, आणि ती वाट बघत बसलेली. ती बराच वेळ बसली. मग उठून गेली.

संध्याकाळी शिंग फुंकलं गेलं, दारं उघडली. मामा पाण्याचा पहिला घोट घ्यायच्या आधी माझ्याकडे आले.

"कुणी आलं होतं का रे?"

"नाही."

"बरं झालं. देव पावला."

दाऊदकाकांनी माझी नखं बघितली, पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "असं पोरगं पायजे. काल वस्तीत, आज उपासात." मला सरबताचा पहिला पेला मिळाला.

दुसऱ्या दिवशी शिळा सण. आम्ही पुऱ्यांची टोपली आणि खिरीचं पातेलं घेऊन ओढा ओलांडला. तायव्वा रात्रीतच गेली होती. गंगव्वा अक्का झोपडीपुढं बसली होती. मामा तिच्याजवळ थोडा वेळ बसले. मग पलीकडच्या झोपडीतून कुणी हाक मारली म्हणून पिशवी स्वतःच उचलून गेले. मी आणि ती, दोघंच राहिलो.

ती म्हणाली, "काल म्या आले होते रे मास्तर."

तायव्वानं मला दिलेलं ते नाव तिच्या तोंडी पहिल्यांदाच आलं.

"अण्णा मोठ्या मनाचा, म्हणून या म्हणला. पर सण त्यो सण. देवाच्या कामात म्या उगं दार ठोठावलं. उघडत न्हाईत न्हवं त्या दिशी?"

आता सांगा — याहून सोपा प्रश्न असतो का? ती रागावली नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं. आणि मला दोन वाटा समोर दिसत होत्या, त्यातली एक अगदी गुळगुळीत होती.

मी म्हटलं, "व्हय अक्का. त्या दिवशी उघडत नाहीत."

तिनं मान हलवली. जणू तिचीच चूक होती आणि ती आता तिला समजली. मग म्हणाली, "अण्णाला सांगू नगंस. त्याला वाईट वाटंल."

माझं पाप झाकायला तिनं स्वतःचा पदर दिला, आणि मी तो घेतला.

औषधानं तायव्वा वाचली असती का? हा प्रश्न मी पुष्कळ घोळवला. नंतर लक्षात आलं, तो प्रश्न मला आवडतो. नसती वाचली, असं उत्तर आलं की मला झोप लागते. म्हणून आता तो विचारत नाही.

पुढं मी हैदराबादला कॉलेजात आलो. वसतिगृहात कुणी तरी सांगितलं की हा पटकीच्या साथीत काम केलेला आहे. मला सेवा मंडळाचा चिटणीस केलं. मी भाषणं करतो. मामांचं वाक्य मी भाषणात वापरतो — सण घरात सुरू झाला तरी तिथं संपू नये. टाळ्या पडतात. मी मामांचं नावही घेतो, तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथं संपली. मलाही तसंच वाटलं होतं. पण गंगव्वा अक्काचा शब्द वस्तीत चालतो. ज्या तोंडानं तिनं पाणी उकळायला लावलं, त्याच तोंडानं तिनं सांगितलं असणार — त्यांच्या त्या सणाला कुणी दारी जाऊ नका. पुढच्या वर्षी मागच्या दाराशी पहारा बसला, कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मामांना वाटलं, देवाची कृपा. मग दुसऱ्या दिवशी वस्तीत गेल्यावर त्यांना कळायचं की काल कुणाला ताप चढला होता, कुणाचं बाळंतपण अडलं होतं. ते विचारत, "मग आला कामून न्हाईत?" लोक नुसते हसत, पायांकडे बघत.

यंदा मी सणाला घरी गेलो होतो. मामा थकलेत. दम लागतो, ऐकायलाही कमी येतं. दुपारी ते माझ्याशेजारी मागच्या दाराशी येऊन बसले. कडी त्यांनी सकाळीच काढून ठेवली होती, दार नुसतं लोटलेलं. ढकललं तरी उघडेल असं.

ते म्हणाले, "कुणीच येत न्हाई रे. मी स्वतः सांगून आलो होतो त्यांना. माझ्या शब्दात काय कमी पडलं, तेवढं कळंना."

मी पाणी मागितलं ते याच वेळी. उपासात! मामा दचकले. मग म्हणाले, "चक्कर यायली व्हय? घे, घे, देव समजून घेईल." आणि माठाकडे गेले.

ते पाणी घेऊन येऊन बसले, तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. दाराजवळ येऊन थबकली. एक पोर कण्हत होतं. आणि बाईचा आवाज, हळू, समजावणीचा —

"हितं न्हाई रं राजा. आज त्यांचं दार उघडत नसतंय. चल, दवाखान्यात जाऊ."

पावलं पुढं गेली. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

मामांनी कानामागे हात धरला. "कोण बोलायलं रे भाईर?"

पेला माझ्या हातात होता. दार लोटलेलंच होतं.

मी म्हटलं, "कुणी नाही, मामा."