दहा हजार सात

"लाकडं फोडता ना तुम्ही लोक? मग हा आकडा फोड."

सरांनी फळ्यावर लिहिलं, १०००७. माझी वेणी धरून मला फळ्यापर्यंत ओढत नेलं. नाक फळ्यावर आपटलं. वर्ग हसला.

मी आठवीत होते. बारवी धरणाच्या वरच्या पाड्यातली ठाकर आदिवासी पोर. मांजर्लीत मावशीकडे राहून बदलापूरच्या शाळेत जायचे. बाबा मोरिवलीच्या कंपनीत हमाली करायचा.

आकडा फोडायचा म्हणजे त्याला पूर्ण भाग जाणारी संख्या शोधायची. दोननं जाईना. तीननं जाईना. सातनं बाकी उरली. "उद्या करून आण." दुसऱ्या दिवशी उत्तर नव्हतं. सरांनी लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाकीच्यांना नवी गणितं, मला रोज तेच. नखांखाली रक्त साकळलं. भाकरी मोडता येईना. मावशी भरवताना म्हणाली, "सर मारतात ते भल्यासाठीच." मलाही तेच वाटायचं. माझंच डोकं दगड.

रविवारी दुपारी हट्टानं बसले. दोनपासून एकेक आकडा घेऊन भागत गेले. शंभरापर्यंत आले. एकानंही भाग गेला नाही. एकशे एक लिहिला आणि हात थांबला. शंभराच्या वरच्या कुठल्याही दोन संख्या गुणा, दहा हजार सातच्या पलीकडेच जातात. म्हणजे हा आकडा फुटणारा असता तर त्यातली एक तरी संख्या शंभराच्या आत सापडली असती.

नव्हतीच. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बस्स. ती कुणाच्या बापाला फुटली नसती.

आणि सरांना हे माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

अंगाची आग आग झाली.

"आणलंस उत्तर?" सोमवारी सरांनी विचारलं.

"ही मूळ संख्या आहे. तुम्हाला ठाऊक होतं."

पहिल्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. सरही हसले. "आत्ता कळलं? जंगलीच शेवटी."

पट्टी वर गेली. मी ती हवेतच धरली. हिसकली. त्यांच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. ओठ फाटला त्यांचा. मग मी खाली, आणि त्यांच्या लाथा. पोटात, पाठीत. पट्टी सोडली नाही मी.

मुख्याध्यापकांनी बाबाला बोलावून घेतलं. "पोरीला सरांचे पाय धरू दे, नाहीतर दाखला घेऊन जा."

पाय धरायला बाबाच वाकला. मी त्याला दंड धरून वर खेचलं.

"बाबा, तू वाकलास तर मी तुझी पोर नाय."

तो माझ्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "द्या दाखला."

वर्ष बुडालं. अंबरनाथच्या शाळेत पुन्हा आठवीत बसले. आता उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या क्लासमध्ये गणित शिकवते.

परवा जुन्या वर्गातल्या एकीचा फोन आला. "सर रिटायर होतायत. सत्कार ठेवलाय. तू गणितात पुढं गेलीस, तूच बोल दोन शब्द. जुनं काही काढू नकोस हं."

मी जाणार आहे. त्यांच्या गळ्यात हार असेल, बायको-पोरं समोर बसलेली असतील, तेव्हाच बोलणार आहे. सगळं. माईक काढून घेतला तर ओरडून. धक्के मारून बाहेर काढलं तर दारात उभी राहून.