पंचफुलाने लोटलेला ड्रम

आज हनुमान जयंती. जप आटोपून लिहायला बसले, तर डोळ्यांपुढे शेजारची पंचफुलाच येते आहे. मारुतीराया, क्षमा कर.

बाई तशी भांडखोरच. नळावर तिच्या आधी कोणी पाण्याचा गुंड लावला तर त्याच्या सात पिढ्या निघतात. तिचा नवरा लहानू कापडाच्या गिरणीत, पाणी गार करायच्या हौदावर आहे. नळांना गंज चढू नये म्हणून त्या पाण्यात एक पिवळी पूड टाकतात, ती टाकणे हे त्याचे काम. हातांवरचे व्रण भरतच नाहीत. नाकातून रक्त यायचे, मग आतल्या पडद्याला भोकच पडले. गिरणीचा डॉक्टर म्हणाला, तपकीर ओढत असशील. लहानूने जन्मात तपकिरीला बोट लावलेले नाही! हौदाचे ते पिवळे पाणी गिरणीमागच्या नाल्यात सुटते. तिथे आता मासोळी दिसत नाही.

देवळाचे अध्यक्ष मारोतराव हे गिरणीत मुकादम. महाप्रसादाच्या पाण्यासाठी त्यांनी यंदा तिथलाच एक रिकामा ड्रम आणवला. नवे भांडे म्हणून आम्ही रीतीप्रमाणे त्याला हळदीकुंकवाची बोटे ओढली आणि काल संध्याकाळी पाणी भरून ठेवले. आज सकाळी पाहतो तर पाणी पिवळसर.

“हळद उतरली वं,” म्हणत गल्लीतल्या कांताबाईने तीर्थासारखी ओंजळ भरली.

पंचफुलाने तिचे मनगटच धरले. “टाक ते! हळद बाहेरून लावली, मंग पिवळं आतमधून काहून आलं?”

मारोतराव धावत आले. “देवाच्या कामात खोडा घालू नको, पंचफुले. घासून धुतला हाय ड्रम.”

“माह्या मालकाचं नाकबी रोज धुते मी, भाऊजी. बुजलं का भोक?”

बायकांत कोणीतरी फिस्सकन हसले. मारोतरावांचा चेहरा उतरला, मग तापला. “लहानूले उद्या कामावर यायचं हाय ना?”

लहानू खांबाशी उभा होता. पंचफुलाने त्याच्याकडे पाहिले. त्याने नुसती होकाराची मान हलवली.

तिने पदर खोचला. “या पाण्याचं वरण गल्लीतली सारी लेकरं खातीन. तुमचा नातूबी पंगतीत बसन, भाऊजी.” आणि खांदा लावून ड्रम आडवा केला. पिवळा लोट धुळीत पसरला. वर तिने लोखंडी सब्बल मारून ड्रमच्या बुडाला भोक पाडले, पुन्हा कोणी भरायला नको म्हणून.

विहिरीपासून देवळापर्यंत आम्ही बायका रांगेने उभ्या राहिलो आणि हातोहात गुंड पोचवले. पंगत उशिरा बसली, पण बसली. मारोतराव न जेवता गेले. जाताना लहानूला म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.”

“तो येईन ना, मीबी येईन त्याच्यासंग,” पंचफुला मागून ओरडली. “फाटकावरच बसतो आम्ही. येणाऱ्या-जाणाऱ्याले नाक दाखवतो!”

रात्री आमच्या ह्यांना सांगितले, उद्या पूजा लवकर आटोपून मीही फाटकावर जाणार.

“तिथं तुझं काय काम?”

म्हटले, “मुकादमांचा प्रसाद राहिलाय.”