पिनवालीची कैची

पिनवालीकडे मोबाईल दुरुस्तीला नेला की ती आधी मोबाईल बघतच नसे. "वायर दाखवा," म्हणायची. वायर हातात घेऊन पिनेजवळची तिची मान बोटांनी चाचपायची, बाजारात बाया वांगं दाबून बघतात ना, अगदी तशी. आत काही तुटल्यासारखं लागलं की टेबलावरची कैची उचलायची आणि तुमच्या डोळ्यांदेखत वायरचे दोन तुकडे करायची. विचारणं नाही, पुसणं नाही. समोरचा माणूस "अवो, अवो" करेपर्यंत काम झालेलं असे. मग शांतपणे म्हणायची, "आता करा झगडा. जिता मानूस झगडा करू शकते."

सालेकस्याच्या आठवडी बाजारात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर, पानठेल्याच्या बाजूला तिचं टेबल असे. वर एक छत्री, समोर चिमटी, डाख द्यायची गरम कांडी, डोळ्याला लावायचं भिंग आणि ती कैची. खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण चार्जिंगची पिन बदलावी तर हिनेच, म्हणून अख्खा तालुका तिला पिनवाली म्हणायचा. चाळिशीची असेल. अंगाने काडी, पण बोट असं स्थिर की तांदळाच्या कणीएवढी पिन ती श्वास रोखून जागच्या जागी बसवायची. हे काम ती भावाजवळ बसून शिकली होती. मी एकदा विचारलं, "बाई असून हा धंदा कायले धरला वो?" तर म्हणाली, "भेव वाटते म्हनून." मला वाटलं, मस्करी करून राहिली.

चैत्रात तिच्या टेबलावर गर्दी असायची. आमच्याकडे मोहफुलं वेचायचे दिवस, सगळ्यांचे हात चिकट, तोच हात फोनला. मोहाचा रस चार्जिंगच्या भोकात जायचा आणि मागून मुंग्या. ती भिंग लावून टोकदार काडीने एकेक मुंगी बाहेर काढायची आणि ओरडायची, "भाऊ, दारू कोन प्याली, तुमी का फोन?" धानाच्या दिवसात भोकातून कोंडा निघायचा, हिवाळ्यात खिशातला कापूस. निम्मे फोन तर नुसते साफ केले तरी चालू व्हायचे. अशा लोकांना ती पिन बदलायला लावायची नाही. दुसरा कोणी असता तर बदलून मोकळा झाला असता.

तिच्याकडून मी या वस्तूंविषयी जेवढं शिकले तेवढं माझ्या इंजिनीयर भाच्याकडूनही शिकले नाही. जुन्या बारीक पिनेला वरची आणि खालची बाजू होती. आमचे लोक ती उलटी लावायचे, जाईना म्हणून दाबायचे, आणि आतलं तोंड वाकडं व्हायचं. मग ती नवी पिन आली, दोन्हीकडून लागणारी. मी म्हटलं, चला, कटकट गेली. ती म्हणाली, "कटकट कोठी जाते काकू? लागते दोन्हीकडून, पन जीभ एकच हाय." भिंगातून मला दाखवलं. फोनच्या भोकात मधोमध खरंच एक पातळशी जीभ होती. "हे मोडली की फोन मुका झाला समजा. आनि वायर मरते ते मानेत मरते. तारेले ओढू नका, डोक्याले धरून काढा. लेकराले हात धरून ओढता का, का कवळ्यात घेता?"

एवढी हुशार बाई, पण भित्री किती! आभाळ भरून आलं की अर्धं काम तसंच टाकून सगळ्या वायरी काढून बसायची. ओल्या हाताचं गिऱ्हाईक दिसलं की आधी फडकं पुढे करायची. चार्जिंगला लावलेला फोन कानाला लावलेला माणूस दिसला तर ओळख ना पाळख, जाऊन त्याच्या हातातून घ्यायची. पानठेलेवाला तिला चिडवायचा, "ए डरपोक, आज मौसम साफ है, सांस ले ले!" ती हसून म्हणायची, "भेव पायजे भाऊ. भेव असन त हात जागा राहते."

आता आमच्या गावाचं सांगते, कारण तिचा सगळा राग आमच्या गावावर होता. आमच्याकडे टॉवर दूर, जंगल जवळ. घरात नेटवर्क येतं ते एका खिडकीत, तेही गजाच्या एका कोपऱ्यात. मग काय, चार्जरची वायर गजाला गुंडाळायची आणि फोन त्या वायरीवरच लोंबकळत सोडायचा, वेलाला दुधी लोंबतो तसा. बोलायचं तर खिडकीत तोंड खुपसून बोलायचं. गावात घरोघरी असेच दुधी लटकलेले. फोनचं सगळं वजन त्या पिनेवर आणि त्या पातळ जिभेवर. शिवाय आमच्याकडे लाईन कधी जाईल आणि कधी येईल याचा भरोसा नाही, म्हणून बोर्डाचं बटन कोणी बंदच करत नाही. लाईन आली की आपोआप चार्ज होईल, हा हिशेब. पिनवालीने एकदा हे पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. "फोनले फाशी देऊन राहिले तुमी! कपड्याची थैली शिवा, खिळ्याले टांगा, वायर ढिली सोडा. आनि फोन काढला का बटन बंद." मी थैली शिवली. पण खरं सांगते, त्या थैलीत चिंच भरून ठेवली.

त्याच सुमारास फोन चार्जिंगला असताना हात लावला की माझ्या बोटांत झिणझिण व्हायची. मी समजले शुगरची असेल. डॉक्टरांनीही गोळ्या लिहून दिल्या, दोन महिने खाल्ल्या. सहज पिनवालीला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "फोन हातात नसन तवा होते का झिणझिण?" म्हटलं, नाही. "मंग ते तुमची नस नाई काकू, चार्जर हाय. सस्त्या डब्बीत आतला पडदा पातळ असते. घरातली भारी लाईन गळत गळत वायरीत येते. मोठ्या मानसाले झिणझिण, लहानाले..." तिने टेबलावरची कैची जवळ ओढली. "घरात जेवढे अशे चार्जर असन तेवढे घेऊन या," एवढंच म्हणाली.

पुढच्या बाजाराला मी दोन चार्जर नेले. दोन्हींच्या वायरी तिने कापल्या. तिसरा मी नेलाच नाही. माझ्या मुलाने, दिनूने, कुठल्यातरी गाडीत फेरीवाल्याकडून घेतलेला, मानेशी काळी टेप गुंडाळलेला. वस्तू चालू आहे, राहू दे अडीअडचणीला, असं म्हणून मी तो गव्हाच्या डब्यात लपवला. आमच्या पिढीच्या हाडातच आहे ते. चालू वस्तू आम्ही मोडू देत नाही. तिने विचारलं, "अजून हाय का?" मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाई वो."

दुसऱ्याच दिवशी, घरात दुसरा उरलाच नव्हता म्हणून, तो तिसरा चार्जर खिडकीत लागला.

त्यानंतर दोन दिवसांनीची गोष्ट, मोहाचेच दिवस होते. दिनू आणि सून पहाटेच जंगलात गेलेले, घरी मी आणि दहा महिन्यांची नात, चिमी. नुकती रांगायला लागलेली, दिसेल ते तोंडात. सकाळपासून लाईन नव्हती. दिनूने जाताना फोन काढून नेला, वायर खिडकीतून जमिनीपर्यंत लोंबत राहिली आणि बटन नेहमीप्रमाणे चालूच. मी चिमीला आत चटईवर बसवलं, खेळायला दोन डाव-चमचे समोर टाकले आणि अंगणात मोहफुलं पसरवायला आले. दारातून तिचा आवाज येत होता.

तेवढ्यात पिनवाली आली. माझा फोन तिच्याकडे दुरुस्तीला होता. बाजाराला अजून चार दिवस होते, म्हणून बिचारी स्वतः घेऊन आली, उन्हातून चालत. "घरी हाव का वो काकू?" मी म्हटलं, "ये वो, आत जा, पानी पी, हात धुऊन आलीच." ती आत गेली.

आणि मग काहीच आवाज येईना. तिचाही नाही, चिमीचाही नाही.

मी धावले. दारात पोचले. चिमी खिडकीखाली बसलेली, वायरीचं टोक तोंडात, लाळ गळ्यापर्यंत आलेली, मजेत चोखत होती. आणि पिनवाली तिच्याकडे न जाता भिंतीकडे गेली होती. बोर्डावर हात, बोट बटनावर. मला राग आला. लेकरू उचल ना, बटन काय दाबतेस, लाईन तर नाही! हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. तिने बटन बंद केलं, खाली बसली आणि चिमीच्या तोंडातून वायर हळूच काढली. चिमीने भोकाड पसरलं.

आणि डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

लाईन आली होती. आम्ही दोघी वर बघत राहिलो. पंख्याला वेग येत गेला, चिमीचे केस उडायला लागले, आणि मी उंबऱ्यातच बसले.

थोड्या वेळाने तिने थैलीतून टेस्टर काढून माझ्या हातात दिला. चिमीला कडेवर घेतलं, बटन चालू केलं आणि म्हणाली, "लावा टोकाले. नाई त तुमी पुन्हा ठेवान." मी टेस्टर वायरीच्या टोकाला लावला. आतला लाल दिवा लागला. मंद होता, पण लागला. तिने बटन बंद केलं. मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल. खोटं बोलले होते मी तिच्याशी. ती पंख्याकडे बघत होती.

"माझ्या घरी पंखा आधी फिरला होता, काकू," ती म्हणाली.

एवढंच. पुढे तिने कधीच काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिला मूल होतं हेसुद्धा मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कैची थैलीत हाय. आज तुमी कापा. माझ्यानं नाई होत." मी कापली. दोन तुकडे केले, मग चार, मग किती केले ते आठवत नाही. तिनेच शेवटी माझा हात धरला. तिचा हात थरथरत होता.

तो थरथराट थांबलाच नाही. पुढच्या बाजारात मी मुद्दाम तिच्या टेबलापाशी गेले. चिमटीत पिन धरायची आणि पिन पडायची. उचलायची, पुन्हा पडायची. पानठेलेवाला त्या दिवशी चिडवत नव्हता. असे तीन बाजार गेले. चौथ्या बाजारी ती सामान बांधत होती. मला बघून हसली. "भेव डोक्यात पायजे काकू. हातात उतरलं का काम सरलं." मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं वो हे, त्या एका वायरीपायी." तिने छत्री मिटली. "पोट्टी हासते का?" म्हटलं, हासते, दोन दातही आले. "मंग झालं त," म्हणाली आणि कैची माझ्या थैलीत टाकली.

ती सडक अर्जुनीला भावाकडे गेली. आता भावाचा रस्त्यावर ढाबा आहे, ती तिथे भाजी चिरते. मला खात्री आहे, ट्रकवाल्यांच्या वायरीही चिरत असेल. अधूनमधून फोन करायची. कशी आहेस वगैरे काही नाही, पहिलाच प्रश्न, "फोन चार्जिंगले त नाई?" मी म्हणायची, नाही. "बटन?" बंद. "मंग बोला." आणि ढग आले की तिचा फोन ठरलेला, "अर्जुनीवर आभाळ आलं हाय, तुमच्याकडे यायच्या आधी वायरी काढा."

मी आता तिच्यासारखी झाले आहे. लाईन गेली की घरभर फिरून बटनं बंद करते. गावातल्या पोरी मला बघून वायर पदराखाली लपवतात, "आली कैचीवाली डोकरी," म्हणतात. खिडकीतल्या थैलीतली चिंच काढली, फोन आता थैलीतच राहतो. आणि अजूनही पंखा अचानक फिरायला लागला की माझी नजर वर जात नाही, आधी चिमीच्या तोंडाकडे जाते. ती आता तीन वर्षांची आहे, डाळभात खात असते. तरी जाते.

यंदा पोळ्यापासून पिनवालीचा फोन नाही. दोनदा ढग भरून आले, विजा झाल्या, फोन नाही. मी लावला तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद, तिसऱ्या दिवशीही बंद. भावाचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता. परवा सकाळच्या गाडीने सडक अर्जुनीला जायचं ठरवलं आहे, थैली भरून ठेवली आहे. दिनू म्हणतो, "आई, कायले एवढी घाबरून राहिली? चार्जिंग झाली नसन. वायर खराब झाली असन तिची."

तिची वायर खराब होणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच तर भीती वाटते.