महाअध्यक्षेचा आवाज

हेवा करायलाही चिकाटी लागते, आणि ती ताईकडे भरपूर होती. सलग सात वर्षं, एक दिवस सुट्टी न घेता, ती आपल्या धाकट्या बहिणीवर जळत होती. आणि वर रोज तिचा डबाही तीच भरून आणत होती.

ताई डबिंग स्टुडिओत संवाद लिहायची. परदेशी मालिकांमधली वाक्यं आपल्या भाषेत अशी आणायची की पडद्यावरच्या माणसाच्या ओठांवर ती चपखल बसावीत. या कामात एक गोम असते. पडद्यावर ओठ मिटले की कागदावर प, फ, ब, भ किंवा म यायलाच हवा, कारण ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं निघतच नाहीत. पंधरा वर्षांत ताईचा एक ओठ चुकला नव्हता. पण नाव? नाव यायचं सगळ्यात शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि तेवढ्यात जाहिराती सुरू व्हायच्या.

नाव झालं धाकटीचं. सात ग्रहांच्या एका अवकाशमालिकेत महाअध्यक्षा नावाचं पात्र होतं. बाई भारी पाताळयंत्री! दोन ग्रहांत भांडण लावून द्यायची, आणि दोघांच्याही जखमांवर फुंकर घालायला स्वतःच हजर. केसाने गळा कापायची, आणि तोही गोड बोलून. तिच्या आवाजासाठी ताईने चाचणी दिली होती. सोबत म्हणून धाकटीला नेलं, तिथेच घात झाला. स्टुडिओचे मालक ताईला म्हणाले, "आवाज भारदस्त आहे हो, पण बातम्या वाचल्यासारखं वाटतं." मग बाकावर बसलेल्या धाकटीकडे वळले, "तुम्ही बघता का म्हणून?" तिने बघितलं आणि झालं! सोबतीला आलेली गेली सिंहासनावर, आणि ताई बसली तिच्यासाठी वाक्यं लिहीत.

तेव्हापासून दुकानात, दवाखान्यात, बसथांब्यावर लोक धाकटीला अडवायचे. "अहो, जरा महाअध्यक्षेसारखं बोला ना!" ती बोलायची. वाक्य ताईचं, वाहवा धाकटीची. शेजारी पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात धाकटी हौसेने सांगायची, "हे सगळं आमची ताईच लिहिते हं!" उपकार केल्यासारखं! बरं, बहीण स्वभावाने वाईट असती तर मनसोक्त भांडता तरी आलं असतं. तीही सोय नाही.

मग मालिकेचं शेवटचं पर्व आलं आणि चॅनेलने अट घातली. महाअध्यक्षेच्या पहिल्या भाषणाचा नमुना दुपारपर्यंत पाठवा. पसंत पडला तर हाच आवाज, नाहीतर दुसरा शोधा. हे ऐकून ताईच्या मनात काय आलं ते वेगळं सांगायला नको. आता नाही तर कधीच नाही.

तिने भाषण लिहायला घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट लिहिलं. पडद्यावर महाअध्यक्षेचे ओठ भराभर मिटत होते, आणि त्याच जागी ताईने लिहिलं, "तिन्ही चंद्रांच्या संरक्षणाचं उत्तरदायित्व आता आकाशगंगेच्या सिंहासनाकडे राहील." शोधून सापडणार नाही एक प की एक म. शिवाय जिभेला गाठ पडेल ती वेगळीच.

काचेपलीकडे धाकटीने वाक्य म्हटलं. मालक करवादले, "ओठ बंद आणि आवाज चालू! ही बाई काय पोटातून बोलते?"

धाकटीने पुन्हा म्हटलं. सहा वेळा म्हटलं. रेकॉर्डिस्ट चाचरत म्हणाला, "शब्दांतच काहीतरी..."

"ताईंनी लिहिलंय ते. ताईंचा ओठ चुकत नाही," मालक म्हणाले. "हिचंच लक्ष नाही आज. बदलू या का आवाज?"

धाकटीचा चेहरा एवढासा झाला. "माझंच चुकतंय. ताई, तूच एकदा म्हणून दाखव ना."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! ताई आत गेली, माइक स्वतःच्या उंचीला आणला आणि कागद बाजूला सारला. खरं वाक्य तिला केव्हाचं पाठ होतं. "माझ्या भाबड्या बंधूंनो, मी मागितलं तरी काय? फक्त भरवसा!" ओठ आणि शब्द असे जुळले की सुई शिरणार नाही. आणि या वेळी ती बातम्या वाचत नव्हती. सात वर्षांची जळजळ होती त्या आवाजात.

"वा! शब्द हेच ठेवा," मालक म्हणाले. मग जरा घुटमळले. "पण ताई, राग मानू नका हं. ही धाकटीची नक्कल झाली. हुबेहूब आहे, पण नक्कल."

तेलही गेलं, तूपही गेलं. ताई भिंतीशी सरकली. धाकटीने नवं वाक्य एका दमात म्हटलं आणि मालकांनी टाळी वाजवली. नमुना तिथल्या तिथे चॅनेलकडे गेला.

"मालक, तुम्ही मघाशी उलटं बोललात," धाकटी हसत बाहेर आली. "नक्कल मी करते, ताईची! चाचणीच्या दिवशी मला काही सुचेना, म्हणून ही घरात बोलते तशी बोलले. मावशीचं शिलाई मशीन हिने असंच गोड बोलून आणलं. मावशी अजून सांगते, मीच आग्रहाने दिलं म्हणून! आणि आज सकाळी कागद देताना ही म्हणाली, 'सोपं आहे गं बाळा, नुसतं वाचायचं.' मी आत्ता तोच सूर लावला बघा."

ताईने तिच्याकडे निरखून पाहिलं. त्या डोळ्यांत टोमणा कुठेच नव्हता. असता तर फार बरं झालं असतं.

सगळे ताईकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं.

"काहीतरीच काय गं बाळा," ताई गोड हसून म्हणाली.

अख्खा स्टुडिओ खो खो हसायला लागला. सगळ्यांत मोठ्याने धाकटी.